‘एक्झॉर्सिस्ट ३’ हा पहिल्या चित्रपटाच्या तोडीचा आहे का?

प्रश्न

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मी आजवर तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा माझ्या मनात राहिला तो भूत उतरवायला आलेल्या धर्मगुरूचा, फादर करासचा मृत्यू. पछाडलेल्या मुलीचा चेहरा किंवा तिचा बदललेला आवाज नव्हे. सैतानाला स्वतःच्या अंगात ओढून घेऊन करास खिडकीबाहेर झेपावतो आणि जॉर्जटाउनच्या त्या उभ्या पायऱ्यांवरून गडगडत खाली येतो, तिथे ती गोष्ट माझ्या दृष्टीने पूर्ण होते. त्यामुळे पुढच्या भागांकडे मी साशंक नजरेनेच पाहत आलो आहे आणि १९७७ च्या दुसऱ्या भागाने ती शंका खरीही ठरवली.

आता १९९० चा तिसरा भाग पाहिला आणि गोंधळून गेलो. त्यात ती मुलगी नाही, बराच वेळ भूत उतरवण्याचा विधीही नाही. एक वयस्क पोलीस अधिकारी आणि त्याचा धर्मगुरू मित्र यांच्या गप्पाच जास्त आहेत. तरीही पुढचे दोन दिवस मी अस्वस्थ होतो. शेवट मात्र दुसऱ्याच एखाद्या चित्रपटातून आणून जोडल्यासारखा वाटला. हा खरोखर पहिल्या चित्रपटाचा उत्तरभाग म्हणावा, की केवळ नाव लावलेला एक चांगला स्वतंत्र भयपट? (चर्चेत शेवट उघड झाला तरी माझी हरकत नाही.)

प्रतिसाद १

माझ्या मते या मालिकेतला खरा उत्तरभाग हा एकच आहे, आणि त्याचे कारण लेखकापाशी आहे. १९७१ ची मूळ कादंबरी विल्यम पीटर ब्लॅटी यांची. पहिल्या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच आणि तिला ऑस्कर मिळाले. तिसरा भाग त्यांनी आपल्याच ‘लीजन’ (१९८३) या कादंबरीवरून लिहिला आणि स्वतः दिग्दर्शितही केला. दुसऱ्या भागाशी त्यांनी काहीच नाते ठेवले नाही. पहिल्या चित्रपटात जे दुःख अर्धवट राहिले होते तेच त्यांनी पुन्हा हाती घेतले: करास गेला, पण त्याच्या मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले?

पहिल्या भागात किंडरमन हा अधिकारी आणि फादर डायर ही दोन्ही पात्रे तशी कडेचीच होती. इथे त्यांची मैत्री हाच चित्रपटाचा पाया आहे. सासूने जिवंत मासा आंघोळीच्या टबात ठेवल्यामुळे घरी जाववत नाही, ही किंडरमनची लांबलचक तक्रार आठवते का? भयपटात असल्या प्रसंगाला कात्री लावण्याचा मोह कोणत्याही संकलकाला झाला असता. ब्लॅटींनी तो पूर्ण चालू दिला, आपल्याला हसू दिले, आणि म्हणूनच पुढे रुग्णालयात डायरच्या शरीरातले सगळे रक्त एक थेंबही न सांडता काढून घेतल्याचे आढळते तेव्हा आपल्याला केवळ किळस येत नाही, आपलाच कोणी गेल्यासारखे वाटते. किंडरमन साकारणाऱ्या जॉर्ज सी. स्कॉट यांनी त्या प्रसंगात आवरून धरलेले रडू मी विसरू शकलेलो नाही.

आणि रुग्णालयाच्या त्या लांब मार्गिकेबद्दल न लिहिणे अशक्य आहे. कॅमेरा दूर एका टोकाला स्थिर उभा आहे, रात्रपाळीची परिचारिका आपली साधी कामे करते आहे, पहारेकरी येतात-जातात, संगीत नाही. दिग्दर्शक आपल्याला कुठे पाहायचे ते सांगत नाही, त्यामुळे आपण सगळीकडे पाहत राहतो, आणि जे घडते ते क्षणार्धात घडून दृश्य तुटतेदेखील. पहिल्या चित्रपटाने पुष्कळ काही दाखवून घाबरवले, तर हा न दाखवता घाबरवतो. दोघांचे ध्येय मात्र एकच आहे, देवाने निर्माण केलेल्या जगात इतके क्रौर्य का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या छातीवर ठेवणे.

शेवटाबद्दल तुमचा संशय रास्त आहे. ब्लॅटींच्या मूळ चित्रीकरणात भूत उतरवण्याचा विधीच नव्हता. नावात ‘एक्झॉर्सिस्ट’ (भूत उतरवणारा) असल्यावर विधी हवाच, या निर्मात्यांच्या आग्रहामुळे तो नंतर चित्रित झाला आणि त्यासाठी निकोल विल्यमसन यांचे फादर मॉर्निंग हे पात्र कथेत घुसवले गेले. म्हणजे जिथे हा चित्रपट पहिल्यासारखा दिसण्याची धडपड करतो, नेमका तिथेच तो पहिल्यापासून सर्वांत दूर जातो.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण शेवट पूर्णपणे निकालात काढणे मला पटत नाही. फादर मॉर्निंग उपरे वाटतात हे खरे. त्यांची ओळख व्हायच्या आतच ते करासचे शरीर घेतलेला रुग्ण ज्या कोठडीत बंद आहे तिथे जाऊन पोहोचतात. परंतु त्याच पुनर्चित्रीकरणामुळे जेसन मिलर करासच्या भूमिकेत परत आले, हे विसरून चालणार नाही. आधी त्या कोठडीतल्या माणसाची संपूर्ण भूमिका ब्रॅड डुरिफ यांनी केली होती. त्यांचा अभिनय विलक्षण आहे, आवाज न चढवता ते अंगावर काटा आणतात. पण समोरचे शरीर आपल्या मृत मित्राचे आहे, ही किंडरमनची यातना मिलर यांचा तो खंगलेला चेहरा पाहिल्याशिवाय मला तरी जाणवली नसती. शिवाय भिंतीला खिळलेला किंडरमन आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते एकेक करून ओरडून सांगतो, तो उद्रेक याच गोंगाटी शेवटात आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाला सैतानापुढे आपल्या अश्रद्धेचीच प्रार्थना करावी लागते, असा तो क्षण आहे. करासला त्यात शोभेसा निरोप मिळतो.

प्रतिसाद ३

दुसऱ्या भागाविषयी थोडेसे. त्याचे दिग्दर्शक जॉन बूरमन यांना भीतीपेक्षा चांगुलपणावर चित्रपट करायचा होता आणि ती महत्त्वाकांक्षा मला आदरणीय वाटते. एन्यो मोरिकोने यांचे संगीतही उत्तम आहे. पण संमोहनाचे यंत्र आणि टोळधाड यांच्या साहाय्याने त्यांनी सैतानाचे मूळ उलगडून दाखवले, आणि मूळ कळलेला सैतान कोणाला भिववत नाही. तिसरा भाग ही चूक करत नाही, एवढे मला पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शेवट का विसंगत वाटला हे आता समजले. विधी नसलेली मूळ आवृत्ती कुठे पाहण्याजोगी उपलब्ध आहे का, आणि असल्यास ती आधी पाहायला हवी होती का?

प्रतिसाद १

२०१६ मध्ये ‘लीजन’ याच नावाने दिग्दर्शकाची आवृत्ती डिस्कवर प्रसिद्ध झाली. मूळ फिल्म सापडली नाही, म्हणून गाळलेली दृश्ये व्हीएचएस फितीवरून घेतली आहेत. त्यामुळे चित्राचा दर्जा एकदम घसरतो आणि प्रत्येक वेळी आपण भानावर येतो. तुम्ही चित्रपटगृहातली आवृत्ती आधी पाहिलीत हे योग्यच झाले. आता ‘लीजन’ पाहाल तेव्हा शेवटाकडे नीट लक्ष द्या: किंडरमन कोठडीत येतो, पिस्तूल चालवतो आणि चित्रपट संपतो. पहिल्यांदा तो शेवट मला तुटक वाटला होता. आता मित्राचे शरीर सोडवण्यासाठी मित्राने केलेली ती एकमेव कृती मला त्या साऱ्या आगीपेक्षा आणि विजांपेक्षा जास्त भयंकर वाटते. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना हे पटेल असे नाही, पण त्यांनीही ती आवृत्ती पाहून इथे लिहावे, अशी माझी विनंती आहे.