अत्रे राजकारणात गेले आणि लेखक संपला?

वर एका प्रतिसादात म्हटलंय की संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत आचार्य अत्रे राजकारणी झाले आणि त्यांच्यातला लेखक संपला. मला हे अजिबात पटत नाही.

एक तर क्रमच चुकतोय. त्यांचं 'नवयुग' साप्ताहिक निघालं 1940 मध्ये. त्याआधीच, 1930 च्या दशकात, अत्रे पुणे नगरपालिकेत काँग्रेसचे नगरसेवक होते आणि त्याच काळात त्यांची नाटकंही धडाक्यात चालत होती. म्हणजे राजकारण उतारवयात लागलेलं वेड नव्हतं. मुळात ते शिक्षक. लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले, मुलांसाठी वाचनमाला तयार करणारे. सभेतलं त्यांचं सोपं, थेट मराठी मला तरी तिथूनच आलेलं वाटतं.

त्यांचं दैनिक 'मराठा' सुरू झालं 15 नोव्हेंबर 1956 ला, संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना. रोज अग्रलेख, शिवाय सभा, पुढे आमदारकी. आणि लेखक संपला म्हणता, तर त्यांचं 'तो मी नव्हेच' हे नाटक कधी रंगभूमीवर आलं? 1962 मध्ये! महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाल्यावर.

त्यांच्या अग्रलेखांतली वैयक्तिक टीका मात्र कित्येकदा फार खाली उतरायची, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

आमच्या ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन आणि पुढे कल्याणला अत्रे रंगमंदिर. नाटककार राम गणेश गडकऱ्यांना अत्रे गुरू मानत, त्यामुळे ही जोडी मला फार आवडते. इथल्या कुणाच्या घरी 'मराठा'चे जुने अंक असतील तर कृपया सांगा, मला ते वाचायचे आहेत.