महूकडच्या गावात मुलांना खाऊ काय द्यावा?

राजवाडाकर: आम्ही इंदूरची चार मंडळी रविवारी महूकडच्या एका गावात जातो, बिस्किटं वाटतो, पण दोन वर्षांची एक पोर अगदी काडी झालीय, काय द्यावं?

माळव्यातली ताई: आधी बिस्किटं बंद करा! अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्या, ११.५ सेंमीच्या खाली असला किंवा दोन्ही पायांवर सूज असली तर लाडूबिडूने भागणार नाही, सरळ पोषण पुनर्वसन केंद्रात न्या, तिथे कुपोषित मुलाला आईसोबत दाखल करून उपचार करतात.

पोहेजिलेबी: बाकीच्यांना शेंगदाणे-गूळ बारीक कुटून, खिचडीवर चमचाभर तेल. आमच्याकडे आयाच आळीपाळीने रांधायच्या, मुलं एकमेकांचं बघून खातात हो.

राजवाडाकर: ११.२ भरला. आई मजुरी बुडेल म्हणून अडून बसलीय.

माळव्यातली ताई: तिथे आईला मजुरीपोटी भत्ता मिळतो, तेवढं सांगा तिला.