एम.डिव्ह. की दोन वर्षांचं एम.ए.? पाळकीय सेवेसाठी कशाला अर्ज करावा?

नवा_उमेदवार:
सर्वांना जय ख्रिस्त. अमेरिकेतल्या सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) जायचं नक्की आहे, पण अर्ज कुठल्या पदवीसाठी करावा ते ठरत नाही. एम.डिव्ह.ला (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळकीय सेवेची पदवी) तीन वर्षं लागतात. ईश्वरविज्ञानातलं एम.ए. दोन वर्षांत होतं आणि एका वर्षाची फी वाचते. पुढे पाळक म्हणून दीक्षा घ्यायची आहे, इस्पितळात चॅप्लिन (रुग्णांची आध्यात्मिक सेवा करणारा) होण्याची वाटही मोकळी ठेवायची आहे. पंथ प्रेस्बिटेरियन (पीसीयूएसए, म्हणजे अमेरिकेतली प्रेस्बिटेरियन मंडळी). बायबलच्या मूळ भाषांची, ग्रीक-हिब्रूची, पाटी कोरी. एम.ए. करून राहिलेले विषय नंतर भरून काढता येतात का? आणि सीपीई (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, इस्पितळातलं पाळकीय सेवेचं प्रशिक्षण) कधी करावं?

बिरुयाकर:
दीक्षा घ्यायचीच असेल तर एम.डिव्ह.च करा. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार एम.डिव्ह. किमान 72 सेमिस्टर क्रेडिटचं असतं आणि त्यात देखरेखीखालचं प्रत्यक्ष सेवाकार्य सक्तीचं असतं. अभ्यासाकडे झुकलेल्या एम.ए.त उपदेशशास्त्र, उपासना आणि पाळकीय समुपदेशन बहुधा गळतात. मागाहून भरपाई करता येते, पण पूर्ण झालेल्या पदवीची सगळी क्रेडिट्स नव्या पदवीत धरत नाहीत, त्यामुळे वाचवलेलं वर्ष तिथेच जातं.

त्याहून तातडीचं काम प्रेस्बिटेरीकडे (भागातल्या मंडळ्यांच्या नियामक सभेकडे) आहे. सहा महिने मंडळीचं सभासदत्व झालं की सेशनमार्फत (मंडळीच्या वडीलवर्गामार्फत) 'इन्क्वायरर' (पहिल्या टप्प्यातला उमेदवार) म्हणून नाव नोंदवा. तयारीचा काळ किमान दोन वर्षांचा, त्यात 'कँडिडेट' (दुसऱ्या टप्प्यातला उमेदवार) म्हणून निदान एक वर्ष. हे दिवस नोंदणीपासून मोजतात, सेमिनरीच्या पहिल्या तासापासून नाही. शेवटच्या वर्षी जाग आली तर पदवी हातात असूनही थांबावं लागतं.

दीक्षेसाठीच्या परीक्षा पाच आहेत. त्यांतली बायबल कंटेंट (100 बहुपर्यायी प्रश्न) पहिल्याच वर्षी देऊन टाका. एक्झेजेसिसची (बायबलच्या उताऱ्याचा अर्थ लावण्याची) मात्र मूळ भाषेचा एक टप्पा पक्का झाल्याशिवाय देऊ नये.

आकडीकाठी:
भाषांबद्दल थोडं. दोन्ही एकाच सत्रात सुरू करू नका. आधी ग्रीक, तेही शक्य तर पहिल्या सत्राआधीच्या उन्हाळी वर्गात. नव्या करारात साधारण 5,400 वेगवेगळे शब्द आहेत, पण 50 किंवा जास्त वेळा येणारे जेमतेम 310 शब्द सुमारे चार पंचमांश मजकूर व्यापतात. ते आधी पाठ करा. मुलं अडतात ती शब्दांवर नाही, धातुसाधितांवर. तिथे ओळींमध्ये अर्थ छापलेली प्रत उघडली की डोळा अर्थाकडेच जातो आणि रूप ओळखायची सवय लागतच नाही. वर्ग संपल्यावर रोज पाच वचनं मोठ्याने वाचा. परीक्षेनंतरच्या सुट्टीत पुस्तक मिटलं तर पुढच्या एक्झेजेसिसच्या वर्गात पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते.

वॉर्ड_सेवक:
सीपीई पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात करा, शेवटाला ठेवू नका. एक युनिट 400 तासांचं: निदान 100 तास गटात आणि पर्यवेक्षकाबरोबर शिकण्याचे, बाकीचे वॉर्डात. उन्हाळ्यात पूर्णवेळ केलं तर दहा-बारा आठवडे लागतात. दीक्षेसाठी अनेक ठिकाणी एक युनिट पुरतं. चॅप्लिन म्हणून बोर्डाचं प्रमाणपत्र हवं तर चार लागतात, आणि उरलेली सहसा पदवीनंतरच्या वर्षभराच्या रेसिडेन्सीत (इस्पितळातल्या प्रशिक्षणात) होतात.

खरं शिक्षण 'व्हर्बेटिम'मध्ये होतं. एका भेटीतलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं: नाव बदललेलं, प्रत्येक वाक्याला क्रमांक (र1, च1; र म्हणजे रुग्ण, च म्हणजे चॅप्लिन), मधली शांतता आणि हातवारे कंसात. खाली, त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं ते. मग गट ते वाचतो.

र4: आता कशाचा काही उपयोग नाही. (खिडकीकडे पाहतो.)
च4: असं बोलू नका, देव भला आहे. प्रार्थना करू या?

गट बहुतेक वेळा नेमका इथेच थांबतो. रुग्णाने दार उघडलं आणि च4 ने ते लावून घेतलं. प्रार्थना चुकीची नाही, पण ती कोणाची घालमेल शमवायला आली, हे तिथे विचारलं जातं. लिहिताना स्वतःची वाक्यं गुळगुळीत करणं ही नेहमीची चूक. मग गटाला तपासायला काही उरत नाही. भेट संपल्या-संपल्या टिपणं काढा, संध्याकाळपर्यंत निम्मं विसरतं.

हे आधी झालं की उपदेशाच्या वर्गात तुम्ही कोणासमोर बोलणार आहात ते डोळ्यांपुढे असतं. म्हणून मी क्रमाबद्दल एवढा आग्रही आहे.

नवा_उमेदवार:
मनापासून आभार. सेशनला या आठवड्यातच पत्र देतो. उन्हाळ्याच्या सीपीईचा अर्ज कधी करायचा?

वॉर्ड_सेवक:
आदल्या हिवाळ्यातच. जागा थोड्या असतात आणि मुलाखत होते. अर्जात तुम्ही कोणाला तरी मदत केल्याचा एक प्रसंग लिहायला सांगतात. तिथे यशाची गोष्ट निवडू नका. जिथे काय करावं ते सुचलं नाही असा प्रसंग घ्या आणि नेमकं काय बोललात ते लिहा. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.