मृत्यूवरच्या कविता सुचवा, पण नुसती समजूत घालणाऱ्या नकोत

पाऊलवाट:
बाबांना जाऊन दीड महिना झाला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तर कावळे समोर झाडावरच बसलेले, एक पण खाली येईना, तासभर उन्हात उभे होतो, कोणी म्हणतंय धाकटीच्या लग्नाचं सांगा, कोणी म्हणतंय आईला सांभाळू म्हणा, मी मनात काय काय कबूल केलं तरी शेवटी दर्भाचाच कावळा करावा लागला. तेव्हापासून डोक्यात एकच, ते कुठे आहेत का, की नाहीतच. येणारा प्रत्येक जण आत्मा अमर आहे म्हणतो, असेलही, पण माझ्यापर्यंत ते पोचत नाहीये. कवींनी ह्यावर काय लिहिलंय ते वाचायचंय. 'जन पळभर म्हणतिल हाय हाय' तेवढं ऐकलंय.

सांजवात:
ताई, भा. रा. तांब्यांची तीच कविता आधी शेवटपर्यंत वाचा. सखेसोयरे डोळे पुसून कामाला लागतील वगैरे आपल्याला पाठ असतं, पण शेवटाकडे 'हरिदूता का विन्मुख व्हावे?' असं येतं, तिथे कविता एकदम शांत होते. त्यांचीच 'नववधू प्रिया मी बावरते' पण बघा, सासरी जायला घाबरणारी नवरी म्हणजे मरणाला बिचकणारा जीव असा अर्थ बरेच जण लावतात आणि मला तो पटतो.

माजघर:
तुकोबांचा 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' घ्याच. त्यात 'फिटले सुतक जन्ममरणाचे' आहे.

ओसरी:
अभंग मोठाच आहे, पण तो ह्यांना आत्ता नको असं मला वाटतं. तिथे मेलाय तो अहंकार, माणूस नाही. ज्याच्या घरचं खरं सुतक नुकतंच फिटलंय त्याला तो सोहळा परका वाटेल.
ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा कठोपनिषदात आहे. नचिकेता यमाला तिसरा वर मागतो तो हाच, माणूस गेल्यावर काही म्हणतात तो आहे, काही म्हणतात नाही, मला खरं सांग. आणि यम आधी टाळतो! म्हणतो देवांनाही ह्यात शंका होती, दुसरं काहीही माग, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे, हत्ती घोडे सोनं घे, पोरगं हटत नाही.
आणि नामदेवांचे समाधीचे अभंग चुकवू नका. १२९६, आळंदी, ज्ञानेश्वर समाधीत बसले, निवृत्तिनाथांनी शिळा लावली. निवृत्ती म्हणजे गुरू, अमरत्व त्यांना कोणी शिकवायची गरज नाही, आणि तेच कोसळतात. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं तसं झालं म्हणतात. आत्मा अमर आहे हे माहीत असलेला माणूस पण असा रडतो हे वाचून मला माझ्या आईच्या वेळी फार आधार वाटला होता, उत्तर नाही मिळालं, पण आपलं रडणं चुकीचं नाही एवढं कळलं.

सांजवात:
गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' सध्या लांब ठेवा. मेलेलं बाळ मांडीवर घेतलेली आई, तो झोपलाय म्हणत कोणाला उचलू देत नाही. मी अजून एका बैठकीत पुरी करू शकत नाही.

पाऊलवाट:
सगळ्यांचे खूप आभार. नामदेवांचे अभंग शोधून वाचले. बाबा गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या बांधायचे, आळा आवळताना पाय देऊन ओढायचे, ते डोळ्यासमोर आलं. काल रात्री भावाला फोनवर तेवढीच ओळ वाचून दाखवली, तो काही बोलला नाही, पण फोन पण ठेवला नाही.