दाणेदार अलॉय चाकांवरचा रंग उतरवून पॉलिश: तुमचे अनुभव लिहा

वडिलांची 2008 ची पल्सर 150 आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, पण चाकांच्या काळ्या रंगाचे पोपडे निघताहेत. तो पूर्ण उतरवून उघड्या अ‍ॅल्युमिनियमला झळाळी आणायची आहे. अडचण अशी की आऱ्यांच्या बाजूंना ओतकामाचा खरखरीतपणा आहे आणि रंग त्या दाण्यांत रुतलाय. एक आरा 220 नंबरच्या सँडपेपरने घासला. उंचवटे चमकले, खळग्यांत काळे ठिपके तसेच. ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी लिहा. चुकलेलंही लिहा.

कोल्हापूरहून

मग चुकलेलंच आधी सांगतो. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट जातो असं कुणीतरी सांगितलं. जातोही, पण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमसुद्धा खातो. टबात चाक ठेवताच फेस उसळला, नाकातोंडात वाफ गेली. त्यातून हायड्रोजन निघतो हे नंतर कळलं. जवळ शेगडी पेटलेली असती तर, या विचाराने आजही काटा येतो. चाक काळंठिक्कर पडलं आणि बेअरिंग बसतं ती जागा खाल्ली गेली. बेअरिंग सैल बसायला लागलं, चाक भंगारात घातलं. त्या वाटेला जाऊ नका.

नाशिकहून

बफिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकावर धातूला चकाकी आणण्याच्या कामावर बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायर, डिस्क, बेअरिंग, ऑइल सील सगळं उतरवा. पेंट रिमूव्हर ब्रशने जाडसर लावा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, म्हणजे वाळत नाही. थोड्या वेळाने रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग नायलॉनचा किंवा पितळी ब्रश. लोखंडी तारेचा नको. त्याचे कण दाण्यांत अडकतात आणि पावसाळ्यात तांबडे डाग उमटतात. खळग्यांसाठी रिमूव्हरचा दुसरा हात लागतोच. काम उघड्यावर करा, जाड रबरी मोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा. गॅसच्या ज्योतीने रंग जाळू नका, जास्त उष्णतेने अलॉयची ताकद जाते.

आता मुख्य मुद्दा. खरखरीत पृष्ठावर प्रकाश विखुरतो, त्यामुळे दाणे सपाट केल्याशिवाय आरसा मिळत नाही. 180, 320, 600, 1000 असे पेपर, शेवटचे दोन पाण्यातले. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा चालवा. जुने ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. इथेच सगळे घाई करतात आणि बफ मारल्यावर 180 चे ओरखडे उठून दिसतात. मग सिसलचा, म्हणजे राठ दोऱ्याचा बफ, शेवटी मऊ कापडी बफ. घासताना सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसायला लागली तर तिथे थांबा, ती ओतकामातली असतात, खोल गेलात तर वाढतात. चाक ट्यूबलेस असेल तर टायरची कड बसते त्या जागेला पेपर लावू नका, हवा गळेल.

पुण्याहून

दाणे घालवायचेच कशाला? मी करिझ्माच्या चाकांचे आरे काचेच्या बारीक मण्यांनी ब्लास्ट करून, म्हणजे हवेच्या दाबाने मणी मारून घेतले आणि फक्त रिमची कड पॉलिश केली. मंद राखाडी आऱ्यांशेजारी ती कड फार सुंदर दिसते. वाळूने मात्र मारू देऊ नका, खड्डे पडतात. बेअरिंगची जागा आधी झाकून घ्या.

रत्नागिरीहून

समुद्राजवळ उघडं अ‍ॅल्युमिनियम एका पावसाळ्यात पांढरं पडतं. मी आरशासारख्या पॉलिशवर क्लिअर लॅकर मारलं होतं. खडा लागला तिथून पाणी शिरलं आणि आत अळीसारख्या पांढऱ्या रेषा पसरल्या. पुन्हा सगळं उतरवलं. आता लॅकर नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऑटोसोल ही धातूची पॉलिश, वर मेण.

धागाकर्ता

नाशिककर दादा, आडव्या पेपरची युक्ती अचूक लागू पडली. पुढच्या चाकाचे दोन आरे झाले, बाकीच्यांचे दाणे पुणेकरांसारखे ठेवावेत का, अजून ठरत नाही. वडील सकाळी येऊन आऱ्यावरून अंगठा फिरवून गेले. म्हणाले, "इथे अजून लागतंय बघ." खरंच लागत होतं. तेवढा भाग परत 320 वर घेतलाय.