मुलगी लातूरला नीटची तयारी करतेय, आम्ही घरून नेमकं काय करायचं?

गिरणीवाली_ताई

नमस्कार. आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. मी अंगणवाडी सेविका, मालकांची पिठाची गिरणी. थोरली मुलगी यंदा बारावीला आहे, लातूरला खोली करून राहते, मेसचा डबा. नीट देणार.

दर रविवारी तिची टेस्ट असते. संध्याकाळी मी फोन करते, "कसा गेला पेपर?" ती म्हणते, "बरा." मी म्हणते, "किती पडतील?" की लगेच डबा आला, ठेवते. गेले तीन रविवार सकाळीच फोन येतो, पोटात दुखतंय. तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफीपण केली, काही नाही म्हणाले. दिवाळीत घरी आली तर ताटात नुसती बोटं फिरवत होती.

मालकांचं वेगळंच. दळण घेऊन येईल त्याला सांगत सुटतात, आमची डॉक्टर होणार. आता दळण होईपर्यंत बायका मलाच विचारतात, "कुठवर आली गं डॉक्टरीण?" गिरणीच्या मागंच घर, सगळं आत ऐकू येतं. दिवाळीत तिनंही ऐकलं.

मी बारावी आर्ट्स. फिजिक्समधलं मला काही कळत नाही, मग मी करू काय? कागदपत्रांत जातीचा दाखला आहे (ओबीसी), व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही. नणंदेचे मिस्टर म्हणतात निकालानंतर करू, काय घाई आहे. दीर म्हणतात लातूरला शिकली म्हणजे मराठवाड्याच्या कोट्यातून लागेल. आणि पुण्याहून एकाचा दोनदा फोन आला, आत्ता थोडे पैसे भरा, सीट पक्की करून देतो. माझा नंबर त्याला कुठून मिळाला देव जाणे.

समजेल अशा भाषेत सांगा.

विट्याचा_मेकॅनिक

ताई, रामराम. मी एसटीच्या वर्कशॉपला आहे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. माझी मुलगी दुसऱ्या खेपेला लागली, नंदुरबारच्या सरकारी कॉलेजात. तुमच्या रविवारच्या फोनात मला मीच दिसलो, म्हणून आधी माझं सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला कॅलेंडर. दुधाचा हिशोब निळ्या पेनानं, आणि रविवारच्या चौकटीत तिचे टेस्टचे मार्क लाल पेनानं. गाडीचं लॉगशीट ठेवावं तसं. मला वाटायचं, बाप म्हणून मी लक्ष ठेवतोय. जानेवारीत एका सकाळी बघतो तर पान फाडलेलं. दुधाचा हिशोबही गेला. बायको म्हणाली, मीच फाडलं. तिनं फाडलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

मग ४ जून २०२४. त्याच दिवशी लोकसभेचा निकाल. मी टीव्हीसमोर. पोरगी आतून आली, म्हणाली ५७१. मी म्हटलं, ७२० पैकी ५७१, झालं की काम! पायात चपला घातल्या, पेढे आणायला निघालो. ती म्हणाली, "पप्पा थांबा, एवढ्यावर काही मिळत नाही." त्या वर्षी ६७ पोरांना ७२० पैकी ७२० होते. पुढं वाढीव गुणांचा घोळ. १,५६३ जणांचे वाढीव गुण काढले, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा ठेवली. सगळ्यांचीच परीक्षा पुन्हा होणार का, ह्यावर सुप्रीम कोर्टानं २३ जुलैला नाही म्हणून सांगितलं. तोवर पोरगी पुस्तक उघडायची आणि त्याच पानावर बसून राहायची.

२०२५ ला ५१९ पडले. बावन्न कमी. आणि सरकारी लागलं! पेपरच असा निघाला होता की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. त्यात पद्धतही बदललेली. आधी २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे आणि २०० मिनिटं. २०२५ ला सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि हे कळलं जानेवारीत. तेव्हा दळणाला आलेल्या बायकांना सांगा की मार्कांवरून काहीच कळत नाही, रँक बघावी लागते, आणि ती निकालादिवशी कळते. एवढं सांगितलं की निम्म्या गप्प बसतील. मालकांचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

आता कागद. हे काम तुमचंच आहे, पोरीच्या कानावरही जाऊ देऊ नका.

नणंदेच्या मिस्टरांचं ऐकू नका. व्हॅलिडिटी नसली तर पोरगी खुल्या वर्गात धरली जाते, संपलं. कधीमधी मुदतवाढीच्या बातम्या येतात, त्या भरवशावर बसायचं नाही. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे मुलीच्या आजोबांचा, पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, गाव नमुन्यातली जुनी नोंद, असलं काही ज्यात जात लिहिलेली आहे. वडिलांच्या बाजूचाच पुरावा चालतो. मालकांच्या सख्ख्या चुलत भावंडांत कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर आधी तिची प्रत मागा, निम्मं काम तिथंच होतं. आम्हाला मोडी लिपीतला कागद सापडला होता, तो वाचून घेण्यातच पंधरा दिवस गेले.

नॉन क्रिमीलेअरची तारीख बघा, प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा असतो, तोही काढून ठेवा, त्याचं कारण पुढं सांगतो. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतूतून मिळेल. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते, आत्ता जा.

दिरांचं जुनं आहे. ७०:३० चा विभागीय कोटा होता, तो २०२० ला गेला. आता राज्याची एकच यादी. लातूरला शिकली काय, मंगळवेढ्यात शिकली काय, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवास महाराष्ट्राचा, एवढं बघतात.

सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, त्या सीईटी सेल, म्हणजे राज्याचं प्रवेशाचं कार्यालय, भरतं. १५ टक्के देशभराच्या, त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते. दोन वेगळे फॉर्म, दोन वेगळी वेळापत्रकं. केंद्राचा दाखला त्या १५ टक्क्यांसाठी. डीम्ड (अभिमत विद्यापीठांची) कॉलेजंही एमसीसीकडंच असतात, तिथं अनामतच २ लाख भरावी लागते आणि फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या आसपास किंवा पुढं. आमच्यासारख्यांनी तिकडं बघायचंही नाही, मी तर पोरीला ते पानच उघडू दिलं नाही.

पण एक गोष्ट तुमच्या कामाची. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. कॅप फेरीतून, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून, मिळालेल्या खासगी कॉलेजच्या जागेलाही ते लागू आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, डीम्डला नाही. होस्टेल, मेस आपल्यालाच. म्हणजे सरकारी हुकलं म्हणून तुमचं सगळं हुकलं असं होत नाही.

पुण्याचा तो नंबर ब्लॉक करा. कॅपची जागा गुणवत्ता यादीतूनच मिळते, ती पक्की करून देणारा कुणी नसतो.

मिरज_दुसरं_वर्ष

काकू, मी मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला आहे. पोटदुखी खोटी नसते बरं का. मला रविवारी सकाळी उलट्या व्हायच्या, बुधवारी कधीच नाही! सोनोग्राफीत काय दिसणार?

माझ्या आईनं एक केलं. "किती पडतील" हा प्रश्न सोडला आणि विचारायला लागली, "आज भाजी कसली होती मेसला?" मला आधी रागच आला, हिला काही पडलेलंच नाही म्हणून. मग रोज रात्री भाजीवरून चालू व्हायचं आणि कधीकधी मीच रडत सांगायचे की ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं डोक्यात काही बसत नाहीये. तिला ऑरगॅनिक म्हणजे शेणखत वाटायचं. ती "हं" म्हणायची फक्त.

जेवण सुटलंय ते मात्र हलक्यात घेऊ नका. एकदा लातूरला जाऊन दोन दिवस तिच्या खोलीवर राहा, अभ्यासाचं काही बोलू नका. झोपही उडाली असेल किंवा ती निराशेचं काही बोलली, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे. फुकट, रात्री पण चालतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः केलाय.

बाकी छोट्या गोष्टी. पेपर दुपारी २ ते ५ असतो आणि गेट दीडला बंद होतं. मे महिन्यातली दुपार, त्यात जेवून झोप येण्याची वेळ. शेवटचे दोन महिने घरी असेल तर त्याच वेळेला सराव पेपर, खऱ्या ओएमआर शीटवर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका), काळ्या बॉलपेननं. तेवढे तीन तास गिरणी बंद ठेवता आली तर बघा, नाहीतर राहू द्या, सेंटरवर शेजारी लग्नाचा डीजे पण असू शकतो. चुकलं की एक मार्क जातो, त्यामुळे माहीत नसलेलं सोडून द्यायला शिकणं हाच मोठा अभ्यास. परीक्षेला अर्ध्या बाहीचा साधा ड्रेस, चप्पल, कानात काही नाही. नाकातली चमकी आदल्या दिवशीच काढा, माझ्या मैत्रिणीची गेटवर साबण लावून काढली.

गिरणीवाली_ताई

शेणखतावर मी एकटीच हसले, मालक विचारायला लागले काय झालं. आमच्या पोरीच्या नाकातही चमकी आहे, आजीनं टोचवलेली.

मेकॅनिक दादा, कॉलेजची यादी भरायची असते म्हणतात. त्यात वरती मोठी कॉलेजं लिहिली आणि ती नाही लागली तर खालची पण हातची जातात का?

विट्याचा_मेकॅनिक

नाही जात. वरून खाली बघत येतात आणि तिच्या नंबराला जे पहिलं बसतं ते देतात. म्हणून जे खरंच हवं ते वर. आम्ही केईएम, जेजे, बीजेपासून सुरू केलं, मिळणार नाही हे माहीत असून. मग मिरज, कोल्हापूर, सोलापूर, सातारा, अंबाजोगाई, असं करत हिंगोली, वाशिम, गडचिरोलीच्या नव्या कॉलेजांपर्यंत. घराजवळ म्हणून फक्त चार कॉलेजं लिहिणारे पालक मी बघितलेत. बायकोनं नंदुरबार कुठं आहे ते नकाशात शोधलं आणि म्हणाली, हे तर गुजरातेत आहे. आता वर्षातून तीनदा रात्रभर बसून जातो. माझा पास आहे म्हणून बरं.

सावध राहायचं ते दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली आणि ती आवडली असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, म्हणजे पुढच्या फेरीत नाव जात नाही. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, तर जुनी जागा आपोआप सुटते. मग नको म्हणून चालत नाही. दर वर्षीची माहितीपुस्तिका निघते, ती छापून घ्या आणि पोरीआधी तुम्ही वाचा.

सरकारीला एक वर्षाचा बाँडही असतो, शिक्षण झाल्यावर सरकारी सेवा, नाही केली तर १० लाख. माझी म्हणते करणार.

बेळगावचा_मराठी

विषय थोडा वेगळा, पण इकडचं कुणी वाचत असेल म्हणून. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात मेडिकलच्या मोजक्या राखीव जागा असतात, फॉर्मवर एमकेबी म्हणून दिसतात. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्हाला कळलंच नाही, नीटला बसला आणि फक्त कर्नाटकाचा फॉर्म भरला.

फिजिओ_नाशिक

सगळे कागद आणि फेऱ्या सांगताहेत, एक विचारू का? डॉक्टर व्हायचं मुलीचं आहे की गिरणीचं? मी फिजिओथेरपी केली, तीही नीटच्याच मार्कांवर. सीईटी सेलच्या यादीत एमबीबीएस-बीडीएस एक गट, आयुर्वेद-होमिओपॅथी दुसरा आणि आम्ही तिसऱ्या गटात. घरच्यांना दोन वर्षं लाज वाटत होती, आता आईचा गुडघा मीच बघते.

गिरणीवाली_ताई

राग नाही आला, मीही हे स्वतःला विचारलंय. ती सातवीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर अंगणवाडीत यायची, पोरांची वजनं घ्यायला. तक्त्यावर टिंब मीच करायचे, ती रंग बघायची. एक बाळ पिवळ्यातून केशरीत, म्हणजे फारच कमी वजनात गेलं, तर तिनं त्याच्या आईला इतकं काही विचारलं, काय खाऊ घालता, जुलाब झाले का, की ती बाई मला म्हणाली, तुझ्यापेक्षा हीच बरी. तेव्हापासूनचं आहे तिचं. गिरणीनं नंतर उचललं. पण दुसरा, तिसरा गट असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. तिला माहीत असेल तरी आमच्यापुढं बोलली नसेल.

---

गिरणीवाली_ताई (नऊ दिवसांनी)

लातूरला जाऊन आले. दोन दिवस राहिले, पिठलं-भाकरी केली, तिनं दीड भाकरी खाल्ली. तिच्या मैत्रिणींनीच जास्त खाल्ली. रविवारी फोनवर विचारलं भाजी कसली. म्हणाली, "दोडका. आणि फिजिक्सचे अकरा चुकले." मी "हं" म्हटलं.

मालकांना सांगितलं. दोन दिवस रुसले, आता कुणी विचारलं तर म्हणतात, "तिची आई सांगंल."

आणि दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत सासऱ्यांची १९५४ ची नोंद सापडली, जातीसकट. गुरुजींनी कपाटावरून वाळवी झटकून रजिस्टर काढलं. पण त्यात नाव म्हादू आहे आणि सातबाऱ्यावर महादेव. आता काय करायचं?

विट्याचा_मेकॅनिक

घाबरू नका, आमचा बाळू होता आणि बाळकृष्ण होता. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करायचं, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राबरोबर जोडायचं. गुरुजींकडून उतारा सही-शिक्क्याचा घ्या, फोटोवर भागत नाही, आणि मूळ रजिस्टर त्यांना जपून ठेवायला सांगा. आज माझी दुसरी शिफ्ट आहे. रात्री घरी गेलो की आमच्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर इथं टाकतो, नावं बदलून घ्या.