शिमल्याहून काझाला सरकारी बसने जायचं आहे, साठीच्या दोघांना जमेल का?

सुनीता_मिरज

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आमचे हे शिमला, किन्नौर आणि स्पिती करायचं म्हणतोय. मी 61, हे 67. मुलगा म्हणतो टॅक्सी करून देतो, बसच्या भानगडीत पडू नका. पण आम्ही दोघं जन्मभर एसटीने फिरलो. वाडीला दत्तदर्शन असो की माहेरपण, लाल गाडीच. टॅक्सीत बसलं की गाव नुसतं काचेपलीकडून जातं, कुणाशी दोन शब्द बोलणं होत नाही.

हिमाचलची सरकारी बस, एचआरटीसी, थेट काझापर्यंत नेते का? तिकीट आधी काढावं लागतं का? यांचे गुडघे दुखतात. आणि खरं सांगायचं तर त्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून पोटात गोळा येतो. कुणी स्वतः गेलं असेल तर सांगा.

वरंधा_चालक

ताई, जा. बसनेच जा. मी महाड आगारात 31 वर्षं एसटी चालवली, वरंधा आणि आंबेनळी घाट पायाखालचे. निवृत्त झाल्यावर 2022 च्या सप्टेंबरअखेरीस मी आणि माझी मंडळी हाच प्रवास करून आलो. प्रवासी म्हणून बसलो होतो, पण माझी नजर सगळा वेळ चालकाच्या हातापायांवर होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या प्रश्नांचं. एका दमात जाऊ नका. शिमला ते रिकाँग पिओ हा एक दिवस, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. नारकंड्याला चढून गाडी खाली रामपूरला सतलजच्या काठाशी येते आणि मग नदी धरूनच वर सरकते. पिओला मुक्काम करा, शक्यतो दोन रात्री. समोर किन्नर कैलास दिसतो, नुसतं बसून राहिलं तरी दिवस जातो. पिओहून काझाची गाडी भल्या पहाटे सुटते आणि दुपार कलताना पोचवते, अंतर दोनशेच्या आसपास. आम्ही तिचं तिकीट पिओच्या स्थानकावर खिडकीवरच काढलं. आदल्या संध्याकाळी जाऊन चौकशी करा आणि पुढच्या सीट मागून घ्या. मागच्या चाकांच्या मागे बसू नका. तिथे प्रत्येक खड्डा कमरेत बसतो, यांच्या गुडघ्यांना तर बिलकूल सोसणार नाही. आपल्या एसटीचं ज्येष्ठ नागरिक सवलतीचं कार्ड तिकडे चालत नाही, तेवढं धरून चाला.

आता भीतीचं. किन्नौरमध्ये शिरताना तरांडा देवीचं देऊळ लागतं. तिथे गाड्या थांबतात, चालक हात जोडतो, मग पुढे. आमचाही थांबला. आपण घाटात शिरताना नारळ फोडतो तसंच, मला एकदम घरचं वाटलं. त्याच्या आसपास रस्ता कड्यात कोरून काढलाय, डोक्यावर कातळाचं छत आणि खाली नदी. बघायला भयंकर, पण तो कातळ टणक आहे. खरी जपायची जागा असते ती सुट्या मातीची. निगुलसरीला 11 ऑगस्ट 2021 ला दरड कोसळून एचआरटीसीची एक बस आणि इतर गाड्या सापडल्या, पंचवीसहून जास्त माणसं गेली. म्हणून जुलै-ऑगस्ट नकोच. तुम्ही निवडलेला सप्टेंबरअखेर योग्य आहे.

नाको ओलांडल्यावर एक नाला रस्त्यावरून वाहत होता. मलिंग नाला तो, जुना त्रासाचा. आदल्या रात्री चिखल आणि धोंडे येऊन पडले होते, ग्रेफचा, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सरकारी दलाचा, जेसीबी काम करत होता. दीड तास थांबलो. वाट झाली तरी आमच्या चालकाने गाडी लगेच घातली नाही. खाली उतरला, चिखलातून पायी पलीकडे गेला आणि परत आला. येताना दरीकडच्या काठावर बुटाची टाच दाबून दाबून बघत होता, माती किती धरते ते. मग सगळ्यांना उतरवून पायी पार केलं. एका म्हातारबाबांना वाहकाने हाताला धरून नेलं. मग रिकामी गाडी, पहिल्या गिअरमध्ये, ना ब्रेक ना घाई. वाहक मागच्या दरीकडच्या चाकाजवळ उभा, तोंडात शिटी. तिकडे आपल्यासारखी घंटीची दोरी नसते, सगळा कारभार शिटीवर. आखूड शिट्या येत होत्या तोवर गाडी सरकत होती, एक लांब शिटी आली की जागच्या जागी उभी. बाहेरचं जोडचाक काठापासून वीतभर आत होतं. मी पलीकडून बघत होतो, माझ्या हाताच्या मुठी आवळलेल्या. गाडी पार झाल्यावर मी जाऊन त्या पोराला नमस्कार केला. माझ्या मुलाच्या वयाचा होता.

आम्हाला शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. हा पठ्ठ्या उतारभर तसाच वागला. वळणावर आधी हॉर्न, चढत्या गाडीला आधी वाट, चढावर गाडी थांबली की वाहक खाली उतरून चाकाला दगड लावणार. टॅक्सीवाला पोरगा चांगला असेलही. पण महिन्यातून कितीदा तरी तोच रस्ता करणारा माणूस वेगळा, त्याला वळण डोळ्यांनी नाही, अंगाने कळतं.

आणि माणसांचं म्हणाल तर ती बस म्हणजे टपालगाडी आहे. पूहच्या आसपास एका बाईने वाहकाच्या हातात औषधाची पुडी दिली, कुणाच्या घरी द्यायची ते नावानिशी सांगितलं. चांगोला गाडी थांबली तेव्हा एक शाळकरी मुलगी रस्त्यावर उभीच होती. पुडी घेतली आणि पळाली. आमच्याकडे मुक्कामाच्या गाडीतून मी पण अशा पुड्या, डबे, लग्नपत्रिका नेल्यात.

रानवाटा_पुणे

काकांनी सगळं लिहिलंय, मी फक्त एक जोडते. काकू, मनालीकडून उलटं येऊ नका. मी मागे तसंच केलं होतं. सकाळी मनाली, अटल बोगदा, मग ग्रांफू, बातल, साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड आणि संध्याकाळी काझा. रात्रभर डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, एका दिवसात शरीराला झेपत नाही. किन्नौरकडून हळूहळू चढलात की बरं पडतं. जमलं तर मध्ये ताबोला एक रात्र उतरा. 996 सालचा मातीचा मठ आहे, आतली भिंतीवरची चित्रं बघताना डोळे अंधाराला सरावू द्या. तुमच्या यजमानांना बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून निघा. आणि रोख पैसे शिमल्यातच काढून ठेवा.

सुनीता_मिरज

दादा, तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चाकाजवळच्या शिटीपाशी आले आणि म्हणाले, पुन्हा वाच. आता एक बायकांचा प्रश्न, संकोच न करता विचारते. दहा तासांच्या प्रवासात वाटेत लघवीची सोय?

वरंधा_चालक

ताई, हे मंडळी सांगते आहे, मी फक्त टाइप करतो.

चहा-जेवणाला गाडी थांबते तिथे ढाब्यावर विचारायचं, बरेच ठिकाणी सोय असते. मधल्या टापूत झाडं नाहीत, आडोसा नाही, म्हणून एक मोठी जुनी साडी किंवा शाल हातातल्या पिशवीतच ठेवा, टपावरच्या बॅगेत नको. चढतानाच वाहकाला सांगून ठेवा, लाजू नका. मला नाकोच्या आधी लागली तेव्हा त्याने शिटी मारून गाडी थांबवली, आणि गाडीतल्या दोन किन्नौरी बायका आपणहून माझ्याबरोबर उतरल्या. शाल त्यांनीच धरली. पाणी पिणं मात्र कमी करू नका, त्याने डोकं जास्त दुखतं.

सुनीता_मिरज

वहिनींना नमस्कार सांगा. पिओला दोन रात्री आणि ताबोला एक, असं ठरवलं. मुलाला फोन करून टॅक्सी नको म्हणून सांगितलं. नऊवारीतली एक जुनी साडी काढून ठेवली आहे.